रोजकीर्द आणि खतावणी

ठाणें शहराच्या उत्तरेस, खाडीच्या कांठीं, कोलशेत नांवाचें एक गांव आहे. 'आहे' म्हणावें कीं 'होतें' म्हणावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. १९८२ सालीं ठाणें महानगरपालिका अस्तित्वांत आली, आणि भोंवतालच्या ज्या गांवांचा तींत समावेश झाला त्यांत कोलशेतहि होतें. तेव्हांपासून जनगणनेच्या दप्तरांतील 'ग्रामीण' या सदराखालचें कोलशेत मिटलें. तेथील माणसें, त्यांचीं घरें, त्यांच्या होड्या हीं सर्व जेथल्या तेथेंच राहिलीं. पण त्यांची गणना पुढें 'नागरी' या सदरांत, एका मोठ्या शहराचा अंश म्हणून होऊं लागली. उलट जमिनीचें दप्तर उघडून पाहावें तर 'मौजे कोलशेत' अद्यापि हयात आहे. ज्या भूमीवर आज वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत, तिच्या सर्व्हे नंबरांच्या मागें अजून त्याच गांवाचें नांव लागतें.

दोन दप्तरांतील ही तफावत कोणाच्या हलगर्जीपणामुळें पडलेली नाहीं. महसूल खात्यास जमीन मोजावयाची असते, जनगणना खात्यास माणसें मोजावयाचीं असतात. दोघांचे हेतु निराळे, म्हणून दोघांचीं सदरेंहि निराळीं. अडचण उपस्थित होते ती हीं दप्तरें कोणी एकत्र जोडूं लागतो तेव्हां. कोलशेतच्या रकान्यांत त्यानें काय लिहावें? 'गांव' लिहिलें तर एक दप्तर खोटें पडतें, 'शहर' लिहिलें तर दुसरें. आणि जें लिहील त्यावरून उद्यां कोणी पाण्याचा, शाळेचा किंवा दवाखान्याचा हिशेब करील. हा प्रश्न वरवर कारकुनी दिसत असला तरी तो मुळांत नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें, आणि त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

आज हें जोडकाम संगणकावर चालतें, आणि आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं त्यांत गुंतलेलें एखादें तरुण माणूस असण्याचा संभव आहे. तें कसें चालतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पाहणी करणारा घरोघर जाऊन प्रश्न विचारतो व मिळालेल्या उत्तरांच्या जागीं अंक मांडतो. एका पाहणींत पुरुषास १ व स्त्रीस २ हा अंक दिलेला असतो. दुसऱ्या पाहणींत तोच क्रम उलटा असतो. तिसरींत पुरुषास १ आणि स्त्रीस शून्य. तीनहि पाहण्या एकत्र आणावयाच्या तर त्यांतील अंक बदलून एकाच परिभाषेंत आणणें भाग असतें. जेथें एकीनें शिक्षणाच्या आठ पायऱ्या नोंदल्या व दुसरीनें चारच, तेथें आठांच्या चार कराव्या लागतात. हें अंक बदलणें वाईट नाहीं. त्याशिवाय ज्ञानच होत नाहीं. परंतु प्रत्येक अंकाच्या मागें दार उघडून आपला वेळ देणारें एक माणूस असतें. तें जें बोललें त्याचा अर्थ आपण त्याच्या अपरोक्ष, त्याला न विचारतां बदलीत असतों, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दुसऱ्यानें दिलेलें उत्तर ही आपल्यापाशीं ठेवलेली ठेव आहे. तिची मांडणी बदलण्याचा अधिकार आपणांस आहे. ती मोडण्याचा नाहीं.

आपल्या जुन्या पेढ्यांवर हा भेद उत्तम प्रकारें ओळखलेला होता. तेथें दोन वह्या असत. रोजकीर्दींत त्या त्या दिवशीं घडलेला व्यवहार घडला त्याच क्रमानें उतरवीत. खतावणींत तेच व्यवहार निरनिराळ्या खात्यांवर वांटून दाखवीत. रोजकीर्द हातीं असली तर खतावणी हवी तितक्या वेळां नव्यानें करतां येते. पण केवळ खतावणीवरून रोजकीर्द जशीच्या तशी पुन्हां उभी करणें दुरापास्त असतें. म्हणून जाणता दिवाणजी रोजकीर्दींत खाडाखोड करीत नसे. चूक झाली तर ती चूक म्हणून दिसूं द्यावयाची व तिच्या दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करावयाची, अशी ती शिस्त होती. खाडाखोड केलेल्या वहीवर सावकाराचा विश्वास बसत नसे आणि न्यायाधीशाचाहि बसत नसे.

पाहणीचीं मूळ उत्तरें ही रोजकीर्द, आणि आपण केलेलीं सदरें ही खतावणी. 'एसपीएसएस' या सुप्रसिद्ध सांख्यिकी प्रणालींत अंक बदलण्याच्या दोन स्वतंत्र आज्ञा आहेत: नवे अंक त्याच रकान्यांत लिहावे, किंवा निराळ्या रकान्यांत लिहावे. पहिलींत जुनें उत्तर पुसून त्याच्या जागीं नवें बसतें. दुसरींत जुनें शाबूत राहतें व नवें त्याच्या शेजारीं येतें. श्रमांत दोहोंचा फरक फारसा नाहीं. परंतु संच एकदां जतन केल्यावर पहिल्या वाटेनें मागें परततां येत नाहीं, आणि मूळ प्रत कोठें राखून ठेवलेली नसली तर एका बोटाच्या दाबानें हजारों माणसांचें म्हणणें कायमचें नाहींसें होतें. ज्या कामांत चूक करणें इतकें सोपें व ती उकलणें इतकें कठीण, तेथें सावधपणा हा केवळ कौशल्याचा भाग राहत नाहीं. तो सचोटीचा भाग होतो.

यावर कोणी म्हणेल कीं एवढ्या तेवढ्या अंकांचें इतकें अवडंबर कशाला? त्यास आम्ही ठाणें जिल्ह्याचेंच उदाहरण देतों. २०११ च्या जनगणनेंत ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ भरली व लोकसंख्येनें तो भारतांतील सर्वांत मोठा जिल्हा ठरला. त्यांत पंधरा तालुके होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्याचे दोन भाग झाले. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड व वाडा हे आठ तालुके पालघर जिल्ह्यांत गेले. उरलेल्या सात तालुक्यांचें नांव ठाणेंच राहिलें. आतां राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे पाहूं. मुंबईंतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें चालविलेली ही पाहणी देशांतील मुलांच्या पोषणाविषयीं आपल्यापाशीं असलेल्या मोठ्या आधारांपैकीं एक आहे. तिची २०१५-१६ ची चौथी फेरी २०११ च्या ६४० जिल्ह्यांच्या मांडणीवर उभारली होती. २०१९-२१ ची पांचवी फेरी ७०७ जिल्ह्यांच्या नव्या मांडणीवर. म्हणजे चौथ्या फेरींतील 'ठाणें' हें अखंड ठाणें आहे आणि पांचवींतील 'ठाणें' हें उरलेलें ठाणें आहे.

या दोन फेऱ्या कोणी केवळ जिल्ह्याच्या नांवावरून जोडल्या तर काय होईल? जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी पाड्यांवरचीं मुलें पहिल्या अंकांत आहेत, दुसऱ्यांत नाहींत. कुपोषणाच्या संदर्भांत त्या तालुक्यांचीं नांवें महाराष्ट्रानें वर्षानुवर्षें ऐकलेलीं आहेत. तीं मुलें रकान्यांतून बाहेर पडतांच ठाणें जिल्ह्याची प्रकृति सुधारल्यासारखी दिसूं शकते. कोठेंहि एक घास अधिक वाढला गेला नाहीं, एकहि अंगणवाडी नव्यानें उघडली नाहीं, तरी तक्त्यावर प्रगति उमटते. यांत कोणी खोटें बोललेलें नसतें. दोन्ही अंक आपापल्या जागीं खरे असतात. असत्य उत्पन्न होतें तें जोडांत. आणि तें कोणीच उच्चारलेलें नसल्यामुळें त्याचा जाब विचारावयास कोणी सांपडत नाहीं.

या ठिकाणीं योग्य मार्ग कोणता, हें सांगणें अवघड नाहीं. जुन्या फेरीचे दोन तुकडे बिनचूक करतां येत नसतील तर नव्या फेरींतील ठाणें व पालघर एकत्र करावे, लहान-मोठ्या वस्तीचें वजन योग्य रीतीनें धरावें, आणि अखंडाशीं अखंडाची तुलना करावी. तसें करतांना 'ठाणें' या एका नांवाखालीं दोन निरनिराळे प्रदेश आहेत हें ओळखून त्यांस निरनिराळ्या खुणा द्याव्या. नांव सारखें म्हणजे वस्तु सारखी, हा समज व्यवहारांत जितका सोयीचा तितकाच मोजणींत घातक आहे.

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीची हकीकत याच जातीची आहे. २००१ सालीं त्या महानगरपालिकेच्या हद्दींत सुमारे ११ लाख ९३ हजार लोक मोजले गेले. २०११ सालीं सुमारे १२ लाख ४७ हजार. म्हणजे दहा वर्षांत शेंकडा साडेचारांची वाढ! ज्यांनीं डोंबिवलीच्या फलाटावर सकाळची गाडी पकडली आहे त्यांना हा अंक पाहून हंसूं येईल. कारण असें कीं २००२ सालीं सत्तावीस गांवें पालिकेंतून वगळलीं होतीं. पहिल्या गणनेंत तीं आंत होतीं, दुसरींत बाहेर. पुढें २०१५ सालीं तीं पुन्हां आंत घेण्यांत आलीं. तेव्हां पुढच्या गणनेंत हाच अंक उलट दिशेनें उडी मारतांना दिसला तर नवल नाहीं. शहर जेवढें वाढलें असेल तेवढेंच वाढलें असेल. पण आधीं मंदावल्याचा व मग फुगल्याचा आभास रेघेच्या हालचालीनें निर्माण होतो.

आतां दुसऱ्या व अधिक सूक्ष्म दोषाकडे वळूं. तो म्हणजे मौनास उत्तर समजणें. पाहणींत 'माहीत नाहीं', 'सांगत नाहीं', 'प्रश्न विचारलाच नाहीं' यांसाठीं ९८, ९९ असे अंक राखून ठेवण्याची चाल आहे. समजा, एखाद्या घरीं विचारलें कीं गेल्या वर्षांत किती दिवस चूल पेटली नाहीं. बाई गप्प राहिली. नोंदणारानें ९९ लिहिलें. पुढें दोन संच जोडणारानें तो ९९ तसाच ठेवला तर त्या घरांत नव्व्याण्णव दिवस उपवास घडला असा हिशेब होतो. 'रिकाम्या जागीं शून्य' अशी सरसकट आज्ञा दिली तर त्या घरीं वर्षभर सणच होता असा हिशेब होतो. दोन्ही हिशेब सारखेच खोटे आहेत, पण दुसरा अधिक वाईट, कारण तो सुखकारक आहे आणि म्हणून तपासला जात नाहीं. 'स्टाटा' या प्रणालींत तर रिकामी जागा ही कोणत्याहि संख्येहून मोठी मानली जाते. 'साठांहून अधिक वयाचीं माणसें निवडा' असें सांगितलें कीं ज्यांचें वय नोंदलेंच नाहीं तींहि वृद्धांच्या पंक्तीस येऊन बसतात. यंत्राचा यांत दोष नाहीं. त्यानें आपला नियम ठरवून जाहीर केलेला आहे. तो जाणून घेणें हें ज्याच्या हातीं ठेव आहे त्याचें काम.

ती बाई गप्प कां राहिली असेल? लाजेनें, भयानें, कीं सासू दाराआड उभी होती म्हणून? कारण कोणतेंहि असो, तिचें मौन हें तिचें स्वतःचें आहे. त्याला 'नाहीं' म्हणावयाचा अधिकार आपणांस कोणीं दिला? आपल्या घरगुती व्यवहारांतहि न बोलणाऱ्याचा होकार गृहीत धरण्याची संवय किती अनर्थ करते, हें सांगावयास नको. मौनाचें सदर निराळें ठेवणें ही न बोललेल्या माणसास दिलेली किमान प्रतिष्ठा होय.

तिसरा प्रश्न नांवांचा. ठाणें जिल्ह्यांत 'कोळी' हें उत्तर मिळालें तर तें कोणत्या खात्यांत घालावें? महादेव कोळी व मल्हार कोळी हे महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत आहेत; किनाऱ्यावर मासेमारी करणारे सोनकोळी त्या यादींत नाहींत. एका पाहणीनें पोटभेद नोंदला, दुसरीनें नुसतें 'कोळी' लिहिलें. दोन्ही जोडतांना सर्वांस जमातींत घातलें तर एकाचा वांटा दुसऱ्याच्या नांवें लागतो. सर्वांस बाहेर ठेवलें तर डोंगरांतल्या माणसाचा हक्क बुडतो. खरें उत्तर 'कोळी, पोटभेद नोंदलेला नाहीं' एवढेंच आहे. तें अपुरें आहे, सभेंत मांडावयास गैरसोयीचें आहे. पण आपल्यापाशीं तेवढेंच सत्य आहे, आणि त्याहून अधिक लिहिणें म्हणजे ठेवींत आपल्या पदरची भर घालणें होय.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातविषयक गणनेंत जातीच्या प्रश्नास ४६ लाखांहून अधिक निरनिराळीं नांवें उत्तरादाखल आलीं, असें केंद्र सरकारनें २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयास सांगितलें. १९३१ च्या गणनेंत हीच संख्या ४,१४७ होती. एकच नांव दहा तऱ्हांनीं लिहिलेलें, कोठें जातीऐवजीं आडनांव, कोठें कुळी. अशा ढिगाऱ्यांतून कोणाचें काय कल्याण होणार? प्रत्येक उत्तर जसेंच्या तसें जपावयाचें तर शेवटीं हातीं नुसता गलका राहील. ज्ञान हवें असेल तर गाळणी लावलीच पाहिजे. हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. चार हजारांचे चार गट करावे लागतात, ४६ लाखांचे तर करावेच लागतात. ज्या दुबळ्यांच्या नांवानें आम्ही बोलत आहों त्यांचा पक्ष मांडावयासहि बेरीज लागते. वेगवेगळ्या हजार तक्रारींपेक्षां एक नीट केलेली बेरीज सरकारच्या कानीं लौकर पडते. परंतु गाळणी लावणें निराळें आणि गाळलेलें फेंकून देणें निराळें. ज्यानें गट पाडले त्यानें कोणतें नांव कोणत्या गटांत घातलें याची यादी ठेवली, तर उद्यां दुसरा कोणी ती तपासून म्हणूं शकेल, 'येथें तुमचें चुकलें.' यादी नसली तर चूकहि पवित्र होऊन बसते.

हा मार्ग परका नाहीं. आपल्या खेड्यांतील तलाठ्यास तो शिकवावा लागला नव्हता. जमिनीचा मालक बदलला म्हणजे सातबाऱ्यावरचें जुनें नांव खरवडून काढण्याची रीति नाहीं. त्यास कंस होतो, नवें नांव लागतें, आणि शेजारीं फेरफाराचा क्रमांक येतो. तो क्रमांक घेऊन फेरफाराची नोंदवही उघडावी म्हणजे बदल केव्हां व कशाच्या आधारें झाला हें कळतें. कंसांतील नांव आज मालक नसेल, पण तें होतें ही गोष्ट पुसली जात नाहीं. नातवास आजोबाच्या हक्काचा शोध लावतां येतो तो या एका कंसाच्या जोरावर. संगणकावर पाहण्या जोडणारास आमचें सांगणें इतकेंच आहे कीं त्यानें या तलाठ्याचा कित्ता गिरवावा.

व्यवहारांत याचा अर्थ काय होतो? मूळ संचास हात लावूं नये. त्याची प्रत घेऊन तिजवर काम करावें. नवे अंक नव्या रकान्यांत लिहावे. जुना व नवा रकाना आडवा-उभा मांडून कोणता जुना अंक कोणत्या नव्यांत किती वेळां गेला तें मोजावें. एकहि माणूस वाटेंत हरवलेलें किंवा दोनदां मोजलेलें नसावें. जोडण्यापूर्वीं प्रत्येक संचांतील ओळी मोजाव्या, जोडल्यावर पुन्हां मोजाव्या, आणि ज्यांची जोडी जुळली नाहीं त्यांस गुपचूप वगळण्याऐवजीं त्यांची यादी करावी. अंकांबरोबर त्यांचे अर्थहि ताडून पाहावे. स्टाटांत दोन्ही संचांत एकाच नांवाची संकेतसूची असली तर पहिल्या संचाची सूची राहते व दुसऱ्याची गळून पडते, अंक मात्र जसेच्या तसे राहतात. त्यामुळें एकींतली स्त्री दुसरींत पुरुष होऊन बसते. शेवटीं, हें सर्व हातानें न करतां लिहून ठेवलेल्या आज्ञांनीं करावें, म्हणजे ती लेखी आज्ञावलीच आपली फेरफाराची वही होते.

मूळ उत्तरें जपण्याचा आग्रह धरतांना एक गोष्ट मात्र दृष्टीआड होऊं नये. जपणें म्हणजे चव्हाट्यावर मांडणें असा अर्थ नाहीं. १९४८ च्या जनगणना कायद्यानें वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवल्या आहेत; त्या कोणास पाहावयास मिळत नाहींत, कोर्टांत पुरावा म्हणूनहि चालत नाहींत. ठेव सांभाळणारानें ती कुलुपांतहि ठेवली पाहिजे. माणसाचें नांव व त्याचें उत्तर यांची फारकत करून उत्तर जपतां येतें, आणि जेथें तसें करतां येत नाहीं तेथें उत्तराची चावी थोड्या व जबाबदार हातांतच असली पाहिजे.

हा विचार आजच करण्यास कारण आहे. पुढील जनगणनेसाठीं १ मार्च २०२७ ही संदर्भाची तारीख ठरविण्यांत आली, आणि तींत जातीची नोंद घेण्याचा निर्णय २०२५ सालीं जाहीर झाला. १९३१ नंतर सबंध देशाची जातवार गणना जनगणनेंत प्रथमच व्हावयाची, म्हणजे नव्या उत्तरांना नव्वदांहून अधिक वर्षांच्या जुन्या सदरांशीं जोडण्याचा मोह अनेकांस होणार. जिल्हे बदललेले, गांवें शहरांत विरलेलीं, नांवें बदललेलीं. या जोडांतून राखीव जागा, निधि, मतदारसंघ अशा कितीतरी गोष्टींचे वाद लढविले जातील. त्या वादांत आपण कोणत्याहि पक्षाचे असूं. पण ज्या बेरजेवर वाद चालला आहे ती उलटी करून पाहतां येते कीं नाहीं, एवढा प्रश्न प्रत्येकानें विचारावा.

ज्या बेरजेची वजाबाकी करतां येत नाहीं तिजवर कोणा जाणत्या व्यापाऱ्यानें आपली पेढी चालविली नसती. कोलशेतच्या खाडीकांठचें एखादें म्हातारें माणूस पाहणीवाल्यास 'आम्ही गांवचे' म्हणून सांगेल, आणि त्याच्या घरावर शहराच्या प्रभागाचा क्रमांक असेल. दोन्ही खरें आहे. खतावणींत त्यास शहराच्या खात्यावर खुशाल घालावें. रोजकीर्दींत त्याचें 'गांवचे' तसेंच राहूं द्यावें.